अरनॉल्ड एअर सोसायटीबद्दल

डेटन, ओहायो

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, आरओटीसीचं, म्हणजे कॉलेजातल्या लष्करी अधिकारी-प्रशिक्षणाचं, सगळं सांभाळून वर हे अरनॉल्ड एअर सोसायटीचं, कॅडेटांच्या सेवासंस्थेचं, झेंगट कशाला? ना क्रेडिट, ना त्यावाचून अधिकारीपदाचं कमिशन अडतं. बाबा लगेच म्हणाले, सोडून दे. माझं बोलायचं राहिलं, म्हणून लिहितेय.

अडत नाही, हेच मला आवडलं. पीटी असो, परेड असो, तिथे तुझ्यावर शेरा मारणारं कुणीतरी असतंच. इथे मात्र कॅडेट आपणहून जास्तीचं काम अंगावर घेतो. अमेरिकन एअर फोर्सची मूल्यं तुला पाठ आहेत: सचोटी, स्वतःआधी सेवा, प्रत्येक कामात उत्कृष्टता. त्यातलं मधलं असल्या बिनहिशेबी कामातच कळतं. आमच्या एनसीसीत निम्म्यांचा डोळा सी सर्टिफिकेटवर आणि परेडनंतरच्या सामोशावर. पण रक्तदान शिबिरात कुणाला घेरी आली की पाणी घेऊन धावणारे तेच ते तीन-चार जण असायचे.

आणि सोसायटीला ज्याचं नाव आहे तो हॅप अरनॉल्ड आपल्या गावातच शिकलेला, बरं का. तू जिथे सायकल चालवायचास त्या हफमन प्रेअरीवर, 1911 साली, राइट बंधूंच्या शाळेत तो विमान चालवायला शिकला. पुढच्याच वर्षी विमान कोसळता कोसळता वाचला आणि असा धसकला की उडणंच सोडलं. 1916 मध्ये पुन्हा विमानात बसला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं सगळं लष्करी हवाई दल त्याच्या हाताखाली होतं! सिनसिनाटीच्या कॅडेटांनी 1947 मध्ये त्याच्या नावानं ही संस्था काढली, एअर फोर्स स्वतंत्र झालं त्याच वर्षी.

युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या स्मरणार्थ सोसायटी रात्रीचा पहारा देते, त्यावर तू फार कुरकुरलास. त्यांच्यासाठी मांडतात ते टेबल एकदा नीट बघ. पांढरं कापड, एक गुलाब, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा ग्लास आणि रिकामी खुर्ची. मीठ घरच्यांच्या आसवांसाठी. अमेरिकेचे 80,000 हून जास्त सैनिक अजून बेपत्ता आहेत, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातले. त्यातले काही आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत आहेत. आसामहून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारी विमानं तिथे पडली. त्यांच्या नावानं एक तास उभं राहायला मला तरी जड वाटलं नसतं.

वर्षातून एकदा सोसायटीच्या कॉन्क्लेव्हला, म्हणजे अधिवेशनाला, जाऊन कडक युनिफॉर्ममध्ये फोटो काढायचे, एवढ्यासाठीच जायचं असेल तर बाबांचं ऐक. नव्या मुलांना इतिहास पाठ करायला लावतील, धावायला लावतील, ते कर. पण परंपरेच्या नावाखाली कुणी अपमान करायला लागला, तर तोंडावर नाही म्हण आणि थेट तुमच्या ऑफिसरांना सांग. त्यात भित्रेपणा नाही. तुझ्या त्या मैत्रिणीलाही सेवेची हौस आहे ना? सिव्हिलियन मुलांसाठी सिल्व्हर विंग्ज नावाची अशीच सेवासंस्था आहे, तिला सांग.

फीचे पैसे खात्यात टाकलेत. पाठवायला बाबांनीच सांगितलं, पण हे त्यांच्यासमोर बोलू नकोस.

तुझी,
आई