मनाच्या गोळ्या सुरू असतील तर नाडीही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायपोलरच्या, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराच्या, गोळ्या सुरू असलेल्या माणसाला चक्कर आली की घरचे म्हणतात, "गोळ्यांची गुंगी असंल, झोपू दे." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही जणांत ती चक्कर ठोके मंदावल्यामुळे येते, आणि नाडी धरल्याशिवाय ते कळत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की मधे गळालेला ठोका निसटतो. स्वस्थ बसल्यावर नाडी पन्नाशीखाली असेल आणि सोबत अंधारी, दम किंवा गळून जाणे असेल, तर त्याच दिवशी ईसीजी काढावा.

यात लिथियम या बायपोलरवरच्या औषधाचा विचार आधी करावा लागतो. ते सोडियमचे, म्हणजे मिठातल्या क्षाराचे जवळचे भावंड. त्यामुळे हृदयातल्या ज्या गाठीतून ठोका निघतो तिचे काम ते मंदावू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत. ईसीजीवर टी नावाचा उंचवटा सपाट दिसतो तो मात्र लिथियममुळे नेहमी दिसणारा बदल आहे. एवढ्यावरून घाबरून औषध बंद करू नये. लिथियममुळे थायरॉइडही मंद होतो आणि मंद थायरॉइड पुन्हा नाडी उतरवतो, म्हणून ठोके कमी दिसले की टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला विसरू नये.

गडबड होते ती बहुधा दुसऱ्याच गोळीमुळे. लिथियम शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडांतून. चिकुनगुन्यानंतर सांधे धरले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले, बीपीसाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी सुरू झाली, की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढत जाते. बीपीच्या गोळ्यांत ही औषधे जोडीने एकाच पट्टीत येतात, म्हणून ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचावीत. अंगदुखी-तापाला पॅरासिटामॉल चालते. बीपी आहे म्हणून मीठ एकदम तोडले तरी हेच घडते, कारण मीठ कमी पडले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही साठवतात. मीठ कमी करायचेच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना सांगून, बेताबेताने करावे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभे राहणाऱ्याने, चैत्रातल्या उन्हात जोतिबाचा डोंगर चढणाऱ्याने आणि नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्याने पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हात जोरात थरथरू लागले, चाल लडखडली, जीभ जड झाली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर असावी लागते आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. वयस्करांत ती त्याआधीही दिसतात. एवढ्या अरुंद पट्ट्यात तपासणी चुकून चालत नाही. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचे: रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. डोस बदलला असेल तर मधे पाच ते सात दिवस जाऊ द्यावेत. आणखी एक चूक सुईच्या टोकाशी होते. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिनच घातलेले असते. त्यात नमुना घेतला तर नळीतले लिथियम रुग्णाच्या नावावर जमा होते आणि चांगल्या माणसाला विषबाधा झाल्याचा रिपोर्ट येतो. नमुना लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या, सीरमच्या नळीतच घ्यायला हवा. तंत्रज्ञाला हे विचारायला संकोच करू नका. पातळी स्थिरावल्यावर पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) व टीएसएचसह ही तपासणी व्हायला हवी.

बायपोलरवरच्याच दुसऱ्या औषधाचा, कार्बामाझेपिनचा, धोका वेगळा. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली जाणारा संदेश ते अडवू शकते, म्हणून आधीच असा ब्लॉक असलेल्याला ते देत नाहीत. लॅमोट्रिजिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये हृदयविकार असलेल्यांसाठी इशारा दिला. व्हॅल्प्रोएटचा ठोक्यांना त्रास त्या मानाने कमी.

झोपेसाठी, उन्मादासाठी सोबत क्वेटियापिन किंवा नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम असते, तिथे प्रश्न ठोका मंदावण्याचा नसून ईसीजीवरचे क्यूटी नावाचे अंतर लांबण्याचा असतो. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. ठोक्याच्या टोकदार रेषेच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंत साडेबारा चौकोन भरले की ५०० झाले, आणि तिथे धोका सुरू होतो. कागदाच्या कोपऱ्यात यंत्र क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणे जुळवून घेतलेला क्यूटी, छापते. पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० पर्यंत ठीक. पण घाबरलेल्या रुग्णाची नाडी शंभर असेल तर यंत्राचे नेहमीचे सूत्र, म्हणजे बॅझेटचे, तो आकडा फुगवते. क्यूटी ३६० असताना बॅझेटच्या सूत्राने ४६५ येते आणि फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४२७. म्हणून रुग्णाला दहा मिनिटे पडून राहू द्यावे, मग ईसीजी काढावा.

अशा रुग्णाला जुलाब लागून पोटॅशियम उतरले आणि त्यावर क्यूटी लांबवणारीच अ‍ॅझिथ्रोमायसिन (जंतुनाशक) व ओन्डान्सेट्रॉन (उलटीवरचे) एकत्र दिली, की धोक्यावर धोका चढतो. मग हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. आजूबाजूचे लोक फिट आली म्हणून कांदा नाहीतर चप्पल हुंगवत बसतात. तोवर कुणीतरी नाडी बघावी. नाडी लागत नसेल आणि श्वास नसेल तर छाती दाबायला लागावे आणि १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आल्यावर ईसीजी न काढता फिटची गोळी वाढवून दिली, तर मूळ दुखणे तसेच राहते.

हे वाचून कुणी गोळ्या मनाने बंद केल्या तर मात्र फार मोठे नुकसान होईल. लिथियमने आत्महत्या टळतात, आणि ते एकदम तोडले तर आजार उसळून येतो. विषबाधेची शंका असेल तर डोस थांबवण्याचा निर्णयही डॉक्टरांच्या सांगण्यानेच व्हावा.

मागणी साधी आहे. मनाच्या आजारावरची ही औषधे सुरू करण्याआधी एक आणि डोस स्थिरावल्यावर एक ईसीजी काढावा. घरात तरुणपणी कुणी अचानक गेले का, कुणी वारंवार बेशुद्ध पडते का, हे पहिल्याच भेटीत विचारले जावे. गडहिंग्लज, शाहूवाडी, राधानगरीच्या रुग्णाला लिथियमच्या पातळीसाठी मजुरी बुडवून कोल्हापूरला यावे लागू नये. तालुक्यातच रक्त घेऊन नमुना कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवता येईल, त्यासाठी योग्य नळी आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी पुरते. आणि केसपेपरच्या पहिल्या पानावर, लाल शाईत, 'लिथियम सुरू आहे' एवढे लिहावे, म्हणजे गुडघ्याची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना ते दिसेल.

– एक औषधनिर्माता, राजारामपुरी, कोल्हापूर