ईव्हीला मेंटेनन्स नसतो म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की पेपरात पानपानभर जाहिराती सुरू होतात, इलेक्ट्रिक गाडी घ्या, पेट्रोल नको, ऑइल बदलायला नको, मेंटेनन्सचं टेन्शन नको. मी पण तीन वर्षांमागं अशाच दसऱ्याला घेतली, आणि घेतल्याचा पस्तावा अजिबात नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक म्हणतील आला बघा पेट्रोलवाला. घरच्या मीटरवर चार्ज करतो, युनिटला सहा-सात किलोमीटर निघतात, गाडी पळायला झकास आहे. माझं भांडण आहे ते त्या "मेंटेनन्स नाही"शी. त्या दोन शब्दांमुळं विकणारा पण निवांत, घेणारा पण निवांत आणि गल्लीतला मिस्त्री तर बॉनेटला हात लावायलाच तयार नाही.

जूनमधली गोष्ट. पंधरा दिवस पुण्याला लेकीकडं होतो, रेल्वेनं गेलेलो, गाडी इथं सांगलीच्या गावभागात दारातच उभी. आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. आई तयार होऊन पिशवी घेऊन पायरीवर बसलेली आणि मी रिमोट दाबतोय, दाबतोय, गाडी ढिम्म. लाइट नाही, आवाज नाही, दार उघडंना. मोबाइलच्या ॲपवर शेवटचं चार्जिंग ८२ टक्के दाखवतंय! रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते हे मला हेल्पलाइनवरच्या मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं, तीन वर्षं खिशात घेऊन फिरत होतो. दार उघडलं, पण आत स्क्रीन काळीकुट्ट, गिअर पडेना, हँडब्रेक बटणाचा असल्यामुळं तो सुटेना, म्हणजे चार पोरं बोलवून ढकलायची पण सोय नाही. आईला शेवटी रिक्षानं पाठवलं. जाताना म्हणाली, "तुझ्या बाबांची स्कूटर बरी होती, तिरकी केली की सुरू व्हायची."

चौकातला मिस्त्री आमचा पंचवीस वर्षांचा, माझी जुनी गाडी त्यानं डोळे झाकून खोलली असती. तो आला, लांबनंच बघितलं आणि म्हणाला, "काका, मी हात लावत नाही, चिकटलो म्हंजे?" त्याला दोष कसा द्यायचा, त्याला कुणी शिकवलंच नाही. क्रेनवाला आला तो दोर बांधून ओढायच्या तयारीत, ते नशिबानं मला माहीत होतं म्हणून थांबवलं. ईव्हीची मोटर ज्या चाकांना जोडलेली असते ती चाकं जमिनीवर फिरवत ओढली की मोटर उलटी फिरून वीज तयार करायला लागते आणि हजारोंचा चुराडा होऊ शकतो, ही गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची असते.

आता गंमत बघा. शोरूम इथं सांगलीत आहे, चकाचक आहे, सोफा आहे, चहा पण देतात, पण ईव्हीचा टेक्निशियन कोल्हापूरला. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रकवर चढून कोल्हापूरला गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, काय झालं होतं तर बारा व्होल्टची बॅटरी उतरली होती! साधी, जी माझ्या जुन्या गाडीत होती तसलीच. बॅटरीचे साडेपाच हजार, टोईंगचे वेगळे, तीन दिवस वेगळे.

हे नीट सांगायला पाहिजे कारण कितीतरी ईव्हीवाल्यांना आपल्या गाडीत ही दुसरी बॅटरी आहे हेच माहीत नाही. खालची मोठी बॅटरी तीनशेच्या वर व्होल्टची, ती गाडी पळवते. पण ती गाडीशी जोडली जाते ती मोठ्या रिलेमधनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधनं, आणि तो रिले ओढायला, गाडीचे कॉम्प्युटर जागे करायला, दार, स्क्रीन, दिवे या सगळ्याला ती छोटी बारा व्होल्टवालीच लागते. ती गेली की मोठी फुल असून उपयोग नाही, गोठ्यात दुभती म्हैस आहे पण दाराला कुलूप आणि किल्ली हरवली अशी अवस्था. पेट्रोल गाडीत ही बॅटरी मरायच्या आधी महिनाभर सांगते, सकाळी स्टार्टर कर्र कर्र करतो, आपण समजून जातो. ईव्हीत स्टार्टरच नाही तर कण्हणार कोण, काल चालू आज बंद. त्यात गाडी नुसती उभी असली तरी ॲपला खबर द्यायचं आणि अलार्मचं काम आत चालूच असतं, थोडं थोडं पीतच असतं. मोठ्या बॅटरीवरची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, ही छोटी त्यात धरत नाहीत. तीन वर्षांत चार सर्व्हिसिंग झाली, चारही वेळा धुवून पुसून, एसीचा फिल्टर झाडून, सॉफ्टवेअर टाकून दिली, पण दोनशे रुपयाचा टेस्टर लावून या बॅटरीचं व्होल्टेज कुणी बघितल्याची नोंद एकाही जॉबकार्डवर नाही, मी चारी काढून बघितली.

ब्रेकचं पण तसंच. एक्सलेटर सोडला की मोटरच गाडी हळू करते आणि चार्जिंग परत भरते, त्यामुळं ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत असं सेल्समन कौतुकानं सांगतो आणि ते खरंय. पण न वापरलेलं लोखंड आपल्याकडच्या पावसाळ्यात काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. माझ्या मागच्या डिस्कला तांबडा थर चढलेला आणि एका बाजूच्या कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची, पिन जाम झालेली, हे पण कोल्हापूरच्या पोरानं चाक काढलं म्हणून दिसलं. महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी तर एक लक्षात ठेवा, वर हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाट उतरून वाईला आलात तर सुरुवातीला मोटरचं ते ब्रेकिंग जवळपास मिळत नाही, कारण बॅटरी भरलेली असते, वीज ठेवायला जागाच नसते. गाडी रोजच्यापेक्षा मोकळी सुटल्यासारखी वाटते आणि मग सगळा भार त्याच गंजलेल्या डिस्कवर. ऐंशी-पंच्याऐंशीवरच प्लग काढा आणि मग उतरा.

टायरचं एवढंच की गाडी जड आणि पिकअप जोरात, पुढचे दोन लवकर गुळगुळीत झाले, हवा दर पंधरवड्याला बघा. कूलंट, म्हणजे गार ठेवायचं पाणी, ईव्हीला पण असतो आणि त्यात नळाचं पाणी ओतायचं नसतं. आणि जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की चार्जरवर लाल दिवा येतो आणि आपण चार्जरला शिव्या घालत बसतो.

आता मुख्य काळजी. आम्ही गावभागातली माणसं, पावसाळ्यात सकाळी उठून आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट ते बघतो. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला ते ५७ च्या पुढं गेलेलं आम्ही बघितलंय. पाणी चढायला लागलं की गल्लीतल्या सगळ्या गाड्या रातोरात विश्रामबागकडं नेऊन लावायच्या ही आमची रीत. जाहिरातीत बॅटरी आयपी ६७ म्हणून सांगतात, म्हणजे ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते अशी चाचणी असते. इथं पूर अर्ध्या तासाचा नसतो हो, २०१९ ला आठवडाभर पाणी होतं घरांत! जूनला निभावलं, पण हीच बॅटरी ऑगस्टमधल्या रात्री उतरली असती तर? चाकं जाम, कोल्हापूरचा रस्ता बंद, ट्रक येणार कुठनं.

म्हणून विकणाऱ्या कंपन्यांना सांगणं आहे, इथं गाड्या विकता ना, मग सांगली-मिरजेत निदान एक शिकलेला माणूस आणि शेल्फवर चार बारा व्होल्टच्या बॅटऱ्या ठेवा, आणि सर्व्हिसिंगच्या कागदावर त्या बॅटरीचं व्होल्टेज आणि चारी कॅलिपर असे रकाने छापा. आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा ट्रेड आता आलाय, चांगलंय, पण आमचा चौकातला पन्नाशीचा मिस्त्री आता आयटीआयच्या बाकावर जाऊन बसणार आहे का? त्याच्यासाठी दोन-तीन रविवारचा वर्ग काढा, आयटीआयनं काढा नाहीतर गॅरेजवाल्यांच्या संघटनेनं काढा. भगव्या रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही, बाकी बारा व्होल्टचं, ब्रेकचं, टायरचं काम तू रोज करतोस तेच आहे, एवढं जरी त्याला कुणी दाखवलं तरी आमची निम्मी कोल्हापूरवारी वाचेल.

सध्या मी माझ्यापुरता उपाय केलाय. जंपर केबल आणली, गाडीबरोबरच्या पुस्तकातलं जोडणीचं पान झेरॉक्स करून मिस्त्रीला दिलं, त्यानं एकदा माझ्यासमोर जोडून पण बघितलं, आधी हातात रबरी मोजे घालून आणि मग हसत काढून टाकून. केबल पहिले आठ दिवस डिकीत ठेवली होती, मग लक्षात आलं की बॅटरी गेली तर ती डिकीच उघडणार नाही, तिचं पण बटणच आहे. आता ती देवघराच्या खालच्या कप्प्यात असते.

आपला,
एक ईव्हीवाला वाचक,
गावभाग, सांगली