कुलूप लागले नसताना लागल्याची खूण देणारी गाडी

दि. १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख यांस,

विषय : फोर बाय फोर गाडीच्या डाव्या पुढच्या दाराचे सेंट्रल लॉक पावसात न लागणे, आणि तरीही लॉक झाल्याची खूण मिळणे.

महोदय,

मी गुराढोरांची डॉक्टर आहे. भोरला राहते आणि वेल्ह्याकडे, पार पासली-केळदपर्यंत, गोठ्यावर जाऊन उपचार करते. पावसाळ्यात तिकडचा रस्ता कधी रस्ता असतो, कधी ओढा. म्हणून मार्च २०२४ मध्ये कर्ज काढून आपली फोर बाय फोर घेतली. गाडीच्या ताकदीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. चिखल पाहून तिने मला कधी परत फिरवलेले नाही. तक्रार दाराच्या कुलपाची आहे आणि ती मी चौथ्यांदा करते आहे.

रिमोटचे बटण दाबले की चारही इंडिकेटर लुकलुकतात, ‘टक्’ असा आवाज येतो आणि आपण पाठ फिरवतो. डावे पुढचे दार मात्र लॉक झालेले नसते. हँडल ओढले की सरळ उघडते. हे रोज होत नाही. गाडी मुसळधार पावसात उभी राहिली, धुतली किंवा ओढ्यातून काढली की पुढचा एक-दोन दिवस होते, मग दार वाळले की सगळे ठाकठीक. त्यामुळे पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला नेली तेव्हा जॉब कार्डवर ‘दोष आढळला नाही’ असे लिहून मिळाले. दुसऱ्या वेळी लॉकचा ॲक्च्युएटर, म्हणजे कुलूप सरकवणारी छोटी मोटर, बदलला. यंदा जूनमध्ये पुन्हा तोच बदलला आणि काचेची बिडिंगही (कडेची रबरी पट्टी) नवी घातली. तीन आठवडे बरे गेले.

जुलैमध्ये केळदहून परतताना रात्री नसरापूरला चहासाठी थांबले. गाडी लॉक केली, इंडिकेटर लुकलुकलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दहा-बारा मिनिटांत परत आले तर डाव्या सीटवरची औषधांची बॅग गेलेली आणि सीटसमोर पट्ट्याने बांधलेले द्रव नायट्रोजनचे कॅनही गेलेले. त्यात गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या गोठित रेतमात्रा होत्या. ज्याने नेले त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. माझे मात्र माजावर, म्हणजे फळवण्याच्या वेळेला, आलेल्या किती तरी गाईंचे दिवस वाया गेले. एकदा माज गेला की पुन्हा साधारण एकवीस दिवस थांबावे लागते आणि तो तोटा शेतकऱ्याच्या दुधात दिसतो. त्याच रात्री एका व्यालेल्या गाईला दुग्धज्वर, म्हणजे अंगातले कॅल्शियम एकदम घटण्याचा आजार, झाल्याचा फोन आला. कॅल्शियमच्या बाटल्या बॅगेबरोबर गेल्या होत्या. मेडिकलवाल्याला झोपेतून उठवून त्या मिळवल्या. गाय वाचली, पण तो तासभर मी विसरू शकत नाही.

काच फुटलेली नाही, दारावर ओरखडा नाही. पोलिसांनी विचारले, ‘मॅडम, लॉक केली होती ना नक्की?’ गाडीच्या विम्यात आतले सामान येत नाही, ते वेगळेच. पण मी निष्काळजी आहे असे सगळ्यांना वाटावे, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली.

मग ओळखीच्या मिस्त्रीकडून दाराचे आतले पॅड उघडून घेतले. काचेच्या फटीतून थोडे पाणी दारात उतरणारच, ते खालच्या भोकांवाटे निघून जावे अशी सोय प्रत्येक गाडीत असते. माझ्या दारातली ती भोके लाल चिखलाने बुजली होती, आत बोटभर पाणी साचले होते आणि लॉकच्या वायरचा कपलर (जोड) त्या ओलीत हिरवा पडला होता. वर चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद आधीच्या दुरुस्तीत फाटला होता, तो तसाच परत बसवलेला. ॲक्च्युएटर दहा वेळा बदलला तरी हे थांबणार नाही. चिखलात जाण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या गाडीत ही भोके इतकी बारीक आणि कपलर इतका खाली का, हे मला खरोखर कळत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट खुणेची. मी घरी नळीने दारावर पाणी मारून रिमोट दहा वेळा दाबला. चार वेळा दार लागले नाही आणि दहाही वेळा इंडिकेटर लुकलुकले. याचा अर्थ गाडी फक्त हुकूम सोडल्याची खूण देते, कुलूप बसले की नाही हे पाहून देत नाही. बिघाड कुठल्याही यंत्रात होतो, तो मी समजून घेईन. पण न लागलेले कुलूप लागले म्हणून सांगणे मला मान्य नाही. मी बाई माणूस रात्री-अपरात्री एकटी घाटातून येते. वेग घेतल्यावर दारे आपोआप लॉक होतात, असे आपल्या पुस्तिकेत आहे. त्या भरवशावर मी किती रात्री डावे दार उघडे ठेवून आले असेन, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

माझी मागणी अशी. डाव्या दाराची वायरिंग, कपलर आणि लॅच (दार अडकवणारा खटका) कंपनीने विनामूल्य बदलावे, पाण्याची भोके मोठी करून कपलर वर घ्यावा, आणि तपासणी कोरड्या शेडमध्ये न करता दारावर पाणी मारून माझ्यासमोर करावी. चारही लॅच बसल्याशिवाय इंडिकेटर लुकलुकू नयेत, एखादे दार राहिले तर हॉर्न वाजावा, एवढा बदल या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत व्हावा. दार आतून मात्र कायम उघडता आले पाहिजे. ओढ्यात गाडी अडकली तर त्यावरच जीव अवलंबून असतो, त्यामुळे सुरक्षेच्या नावाखाली ती सोय काढू नका. हवे तर सीटखाली जमिनीला बोल्टने जखडलेली कुलपाची पेटी द्या. डोंगरात फिरणारे तलाठी, वायरमन, आरोग्यसेविका, सगळ्यांना ती लागते.

जॉब कार्डांच्या प्रती, पोलिसांतल्या तक्रारीची प्रत आणि पाणी मारून केलेल्या चाचणीचा सलग व्हिडिओ सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. मी जिथे राहते त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा हा कायदा देतो. पण मला गाडी परत करायची नाही, नीट झालेली हवी आहे. परतीचा पाऊस अजून व्हायचा आहे. तोवर मी रोज उतरून, पलीकडे जाऊन, डावे दार हाताने ओढून पाहते आहे.

आपली ग्राहक,
(सही)
भोर, जि. पुणे