दसरा झाल्यावर या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबा फोनवर म्हणाले की, "जानेवारीत येतो, थंडीचे दिवस असतात, उन्हाचा त्रास होणार नाही." त्या वेळी मी घाईत 'बरं' म्हणून गेले, पण नंतर चैन पडेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथले ऋतू आपल्या उलट चालतात. कराडला तुम्ही शेकोटीपाशी बसता, तेव्हा इथे भर उन्हाळा असतो आणि मोठा पाऊसही त्याच दिवसांत पडतो. आपल्या दारातला गुलमोहर मे महिन्यात फुलतो, तर इथला नोव्हेंबर-डिसेंबरात; आईला एवढ्यावरून सगळे लक्षात येईल.

जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. 2024च्या 15 जानेवारीला 'बेलाल' वादळ आले, तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याच्या लोंढ्यात मोटारी वाहून गेल्या होत्या. मी त्या दिवशी घरात सुखरूप होते, पण खिडकीच्या काचेला हात लावला की तिची थरथर तळहाताला जाणवत होती, आणि वीज गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत तुम्हाला फोन करता आला नव्हता, हे मी अजून विसरलेले नाही. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. तिसरा वर्ग लागला की बस आणि कामकाज बंद होते आणि सगळे घरात बसून राहतात. घरे पक्की आहेत, त्यामुळे जिवाची भीती नाही. मला खरी काळजी आहे ती दमट हवेची. मागच्या फेब्रुवारीत कपाटात ठेवलेल्या माझ्या चामडी चपलांवर आठवड्याभरात पांढरी बुरशी चढली. अशा हवेत बाबांचा दमा उफाळला, तर मी स्वतःला क्षमा करू शकणार नाही.

आईच्या मनात महाशिवरात्रीला यायचे आहे, हे मला ठाऊक आहे. गंगा तलावावर त्या वेळी बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक पायी कावडी घेऊन येतात आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखे असते. परंतु ती यात्रा नेमकी याच उकाड्या-पावसात येते आणि गर्दीत आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. तलावाचे दर्शन एरवीही निवांतपणे घेता येते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे हिवाळा असतो, पण आमचे क्युरपीप शहर सुमारे 550 मीटर उंचीवर असल्यामुळे आग्नेयेचा बोचरा वारा आणि झिमझिम पाऊस सतत चालू असतो, म्हणून तेही महिने नकोत.

मला सर्वांत आवडतो तो ऑक्टोबर. वर्षातला सर्वांत कोरडा महिना तो; वारा पडलेला असतो, ऊन सोसवते आणि समुद्रही हळूहळू कोमट होऊ लागतो. आधी मी गणपतीचा विचार केला होता, कारण गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि ज्यांचे पूर्वज गिरमिटिया म्हणून, म्हणजे कराराने बांधलेले मजूर म्हणून आले ती मराठी कुटुंबे आजही गणपती बसवतात. परंतु आपल्या घरच्या गौरी-गणपती सोडून आई येणार नाही आणि तिने येऊही नये. शिवाय बाबांचे सोयाबीन तेव्हा शेतात उभे असेल. यंदा अधिक महिन्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला येतो आहे, तोवर काढणी-मळणी उरकलेली असेल. म्हणून दसऱ्याचे सोने वाटून लगेच निघावे आणि लक्ष्मीपूजन, 8 नोव्हेंबरला, इथे माझ्या घरी करावे, असे मला मनापासून वाटते. दिवाळीचीही इथे सुट्टी असते.

बाबा, त्या दिवसांत तुम्हाला इथली ऊसतोड पाहायला मिळेल, कारण इथला गळीत हंगाम जूनमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांच्या उंचच उंच राशी दिसतात. ज्वालामुखीच्या या बेटावर जमीन लागवडीला आणण्यासाठी मजुरांनी ते दगड हातांनी वेचून रचले. मी एकदा त्यांतला एक उचलून पाहिला. आपल्या विहिरीच्या कडेला लागतो तसाच, बारीक छिद्रांचा काळा कातळ. 2 नोव्हेंबरही याच मुक्कामात येतो. 1834 साली त्या दिवशी पहिले गिरमिटिया मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर चढले, असे मानून इथे दर वर्षी तो दिवस पाळतात. मजूर जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटावरच्या पायऱ्या अजून आहेत. इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाबरोबर तिथे उभे राहावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. डिसेंबरच्या सुट्ट्यांसाठी तिकिटे फार महागतात, त्याआधीच तुम्ही परतलेले असाल. आईने एक स्वेटर ठेवावा, क्युरपीपच्या संध्याकाळी तो लागतो. बाबांनी डॉक्टरांना दाखवून दम्याची औषधे महिनाभर पुरतील इतकी, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत.

मला रजेचा अर्ज वेळेत द्यावा लागेल. सोयाबीन केव्हा निघेल याचा अंदाज बाबांनी कळवावा, म्हणजे मी तिकिटे काढते.

तुमची लेक