खेळाडूला प्रश्न विचारताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेळाडूंच्या मुलाखती घेण्याच्या आपल्याकडील पद्धतीबद्दल लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. पूर्वी सामना संपला की दोन-चार वार्ताहर वही घेऊन खेळाडूजवळ बसत. आता जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेतही शेवटची शिट्टी वाजताच माइक आणि मोबाइल घेतलेल्यांचा घोळका मैदानात शिरतो. खेळाला प्रसिद्धी मिळते आहे, याचा माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकाला आनंदच आहे. परंतु या घोळक्यात खेळाबद्दल विचारणारे फार थोडे असतात, ही माझी तक्रार आहे. खेळाडूचा मान राखायचा म्हणजे त्याला कौतुकाचेच प्रश्न विचारायचे, असे मी म्हणत नाही. त्याच्या खेळाचा अभ्यास करून अवघड प्रश्न विचारणे यातच त्याचा मान आहे, आणि असा प्रश्न दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे.

जून २०१७ मध्ये इंग्लंडमधील महिला विश्वचषकाच्या तोंडावर मिताली राजला एका वार्ताहराने विचारले, की तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? १९९९ पासून भारताकडून खेळणारी आणि त्याच स्पर्धेत महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वाधिक धावांचा विक्रम करणारी ही कर्णधार. हाच प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूला विचारता का, असे तिने शांतपणे उलट विचारले आणि त्या उत्तराचे सर्वत्र कौतुक झाले. मला मात्र राहून राहून वाटते, की तिच्या संघाची गोलंदाजी, इंग्लंडमधील हवामान, मधल्या फळीची जबाबदारी असे विचारण्यासारखे कितीतरी असताना ती संधी वाया गेली. तो संघ पुढे लॉर्ड्सवर अंतिम सामना खेळला आणि अवघ्या ९ धावांनी हरला.

त्याच्या आदल्या वर्षी सानिया मिर्झाला एका ज्येष्ठ वृत्तनिवेदकाने संसारात स्थिरावण्याबद्दल आणि मातृत्वाबद्दल विचारले होते. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. मार्टिना हिंगीसच्या साथीने तिने विम्बल्डन, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या होत्या. मी अव्वल क्रमांकाऐवजी मातृत्व निवडत नाही म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, या आशयाचे उत्तर तिने दिले. निवेदकांनी तिथल्या तिथे क्षमा मागितली आणि पुरुष खेळाडूला आपण हे कधीच विचारले नसते, अशी कबुली दिली. ही कबुली मला मोलाची वाटते. चूक कोणाकडूनही होते, ती कॅमेऱ्यासमोर मान्य करण्याचा मोकळेपणा मात्र आपल्या माध्यमांत सहसा दिसत नाही.

अशा प्रश्नांमागे द्वेष असतो असे नाही. बहुतेक वेळा तयारीचा अभाव असतो. ज्याला खेळातले काही विचारता येत नाही, तो लग्नाबद्दल, आवडत्या नटाबद्दल किंवा बक्षिसाच्या रकमेचे काय करणार याबद्दल विचारतो. ‘कसं वाटतंय?’ हा आपल्याकडचा सर्वांत लाडका प्रश्न याच पोकळीतून आलेला आहे.

एक प्रसंग मी अगदी जवळून पाहिला आहे. राज्य अजिंक्यपद खो-खो स्पर्धेत मुलींच्या गटाचा अंतिम सामना होता आणि आमचा संघ एका गुणाने हरला. एका वेळी मैदानात उतरणाऱ्या तिघींच्या शेवटच्या तुकडीतील एक मुलगी साडेतीन मिनिटे संरक्षण करून खांबावर बाद झाली होती. तिचा श्वासही खाली बसला नव्हता, गुडघ्याला लागलेली माती तशीच होती, तोच एका वाहिनीच्या प्रतिनिधीने माइक पुढे करून विचारले, ‘तुझ्यामुळे संघ हरला असं वाटतंय का? घरी आई-बाबांना काय सांगशील?’ मुलगी रडू लागली, कॅमेरा आणखी जवळ आला, आणि मी मध्ये हात घालेपर्यंत त्यांना हवे ते मिळाले होते. संध्याकाळच्या बातमीत तिचे रडणे दाखवले गेले, तिचे संरक्षण दाखवले नाही. तीच चित्रफीत पुढे गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत राहिली आणि ती मुलगी काही दिवस मैदानाकडे फिरकली नाही.

त्याच दिवशी एका स्थानिक साप्ताहिकाचा तरुण वार्ताहर मात्र मुली पाणी पिऊन, बूट काढून बसेपर्यंत थांबला होता. त्याने तिला एवढेच विचारले, की शेवटच्या मिनिटात तू मधून न जाता खांबाकडे का गेलीस? मधल्या चौकांत लांब हाताच्या, सूर मारणाऱ्या खेळाडू बसल्या होत्या, बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळत साखळी खेळून पाय भरून आले होते, खांबाजवळ एक हूल बसली असती तर वीस सेकंद निघाली असती, असे सगळे तिने हातवारे करत सांगितले. प्रश्न कडकच होता, कारण तो थेट तिच्या चुकीवर होता. तरीही तिला तो लागला नाही. समोरच्या माणसाने आपला खेळ पाहिला आहे, हे तिला त्या प्रश्नातून कळले होते.

मुलाखतीतील वाक्याचे पुढे काय केले जाते, हाही तितकाच गंभीर भाग आहे. टोकियोत सुवर्णपदक जिंकल्यानंतर नीरज चोप्राने एका मुलाखतीत सहज सांगितले, की अंतिम फेरीच्या सुरुवातीला आपला भाला सापडत नव्हता, तो पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात दिसला आणि आपण तो मागून घेतला. भालाफेकीत एकमेकांचे भाले वापरणे नियमाला धरून असते आणि त्यात गैर काहीच नव्हते. पण एवढ्या वाक्यावरून अर्शदवर नाही नाही ते आरोप सुरू झाले, आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी नीरजला स्वतः पुढे येऊन सांगावे लागले, की माझ्या बोलण्याचा असल्या गलिच्छ हेतूसाठी वापर करू नका. सुवर्णपदक मिळवून तीन आठवडेही झाले नव्हते. भालाफेकीचा नियम ज्याला ठाऊक होता, असा एक जरी माणूस त्या त्या वृत्तकक्षात असता, तर ती बातमी तिथेच थांबली असती.

भाषेचा प्रश्नही यातच येतो. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे हिमा दासने २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्ण जिंकले. त्या आधी उपांत्य शर्यतीनंतरच्या तिच्या मुलाखतीवरून तिचे इंग्रजी फारसे सफाईदार नसल्याचा उल्लेख खुद्द आपल्या अॅथलेटिक्स महासंघाने समाजमाध्यमावर केला आणि टीका झाल्यावर माफी मागितली. आपल्याकडेही राधानगरी किंवा आष्टी तालुक्यातल्या खेड्यातून मुले ऑलिम्पिकपर्यंत पोहोचली आहेत. अशा मुलांना माइकपुढे परक्या भाषेत वाक्ये जुळवावी लागली, की ती दोन ठरावीक वाक्ये बोलून गप्प होतात आणि मग ‘यांना बोलता येत नाही’ असा शिक्का बसतो. मराठी माध्यमांनी तरी त्यांना त्यांच्या बोलीत, त्यांच्या गतीने बोलू द्यावे आणि ते बोलणे ‘शुद्ध’ करून छापण्याच्या फंदात पडू नये.

मुलाखत हा काही कोणाचा हक्क नव्हे, हे फेब्रुवारी २०२२ मधील वृद्धिमान साहाच्या प्रकरणाने दाखवून दिले. मुलाखत दिली नाही म्हणून एका नामांकित क्रीडापत्रकाराने त्याला धमकीवजा संदेश पाठवले. श्रीलंकेविरुद्धच्या कसोटी संघातून त्याला नुकतेच वगळण्यात आले होते. साहाने ते संदेश जाहीर केले, पण सुरुवातीला पत्रकाराचे नाव घेण्याचे टाळले. क्रिकेट मंडळाने त्रिसदस्यीय समिती नेमली आणि त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी आली. साहा कसोटी क्रिकेटपटू होता, त्याच्या शब्दाला वजन होते. जिल्हा संघातल्या एखाद्या मुलीला स्थानिक बातमीदाराने ‘बाइट दिला नाहीस तर तुझी बातमी येणार नाही’ असे म्हटले, तर तिने कोणाकडे जायचे?

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सोडून देणे अप्रामाणिक ठरेल. टेनिसपटू नाओमी ओसाकाने २०२१ च्या फ्रेंच स्पर्धेत पत्रकार परिषदेला न जाण्याचे जाहीर केले, तिला १५ हजार डॉलर दंड झाला, चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या आयोजकांनी मिळून आणखी कडक कारवाईचा इशारा दिला आणि अखेर तिने माघार घेतली. तिच्या मानसिक त्रासाबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. आजारी माणसाला दंड ठोठावणे हा उपाय नव्हे. तरीही पत्रकार परिषदा बंद कराव्यात, असे मला वाटत नाही. प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते, संघनिवडीत सरकारी पैसा आणि सार्वजनिक संस्था गुंतलेल्या असतात, आणि खेळाबद्दल उत्तर मागण्याची जागा उरली नाही, तर फक्त खेळाडूंच्या व्यवस्थापकांनी लिहून दिलेली निवेदने वाचायची वेळ येईल.

म्हणूनच ३१ मार्च २०१६ ची वानखेडेवरील पत्रकार परिषद मला आजही खटकते. टी-२० विश्वचषकाचा उपांत्य सामना वेस्ट इंडीजकडून हरल्यावर एका ऑस्ट्रेलियन पत्रकाराने महेंद्रसिंह धोनीला निवृत्तीबद्दल विचारले. धोनीने त्याला व्यासपीठावर शेजारी बसवले आणि मी तंदुरुस्त नाही असे तुम्हाला वाटते का, असे त्यालाच विचारायला सुरुवात केली. सभागृह हसले, चित्रफीत गाजली. परंतु प्रश्न सभ्य होता, रास्त होता आणि कर्णधाराला विचारण्यासारखाच होता. त्याला सरळ उत्तर मिळायला हवे होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत होबार्टमध्ये ख्रिस गेलने थेट प्रक्षेपणात मेल मॅक्लॉफ्लिन या मुलाखतकार महिलेशी ज्या थराचे बोलणे केले, ते तर अक्षम्य होते, आणि त्याच्या संघाने त्याला १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला हे योग्यच झाले. माइकच्या दोन्ही बाजूंना काम करणारी माणसे आहेत.

खेळाडूला मन मोकळे करायचे असेल तर तो ते आपणहून करतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून जेमिमा रॉड्रिग्जने संघाला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेले. त्यानंतर त्या स्पर्धेत आपण किती अस्वस्थ होतो, किती रडलो, हे ती स्वतःच बोलली. तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले, असेही तिने सांगितले. ते अश्रू कोणी प्रश्नांनी ओढून काढलेले नव्हते, म्हणून ते ऐकताना कोणालाही संकोच वाटला नाही.

मराठी क्रीडापत्रकारितेला स्वतःचा वारसा आहे. दिवंगत वि. वि. करमरकर यांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले आणि क्रिकेटइतक्याच गांभीर्याने कबड्डी आणि खो-खोबद्दल लिहिले. ते वाचून आमच्या पिढीतले कित्येक जण खेळाकडे वळले.

त्या वारशाच्या भरवशावर आपल्याकडे आणि आपल्यामार्फत इतर माध्यमांकडे काही विनंत्या करतो. १८ वर्षांखालील खेळाडूची मुलाखत प्रशिक्षक किंवा पालक सोबत असल्याशिवाय घेऊ नये. हरलेल्या खेळाडूला निदान पाणी पिऊन बसण्याइतका वेळ द्यावा. खेळाडूचे वादग्रस्त ठरू शकेल असे वाक्य छापताना ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आले, तो प्रश्नही सोबत छापावा. आणि शक्य असेल तिथे एका खेळासाठी हंगामभर एकच बातमीदार ठेवावा, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या खो-खो संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांच्यासारख्या खेळाडूशी ‘ड्रीम रन’वर (तुकडी ठरावीक वेळ टिकली की मिळणाऱ्या गुणांवर) आणि तुकड्यांच्या रचनेवर बोलता येईल, केवळ सत्काराच्या हारांवर नव्हे.

आमच्या तालुक्याचा सराव हिवाळ्यात रोज पहाटे साडेपाचला सुरू होतो. आपल्या क्रीडा विभागातील नव्या बातमीदारांना पाठवल्यास मी आणि माझे सहकारी त्यांना मैदानाच्या कडेला बसवून चौक, पाटी, साखळी, तुकड्या हे सारे समजावून देऊ. फक्त पहिले दोन दिवस त्यांनी माइक आणू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा