बैलजोडी विकू नका

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा एवढंच बोलले, "निकाल विरोधात गेला, जोडी विकून मोकळा होतो," आणि फोन आईकडे दिला. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, जोडी विकू नका. शेतीला लागणारे बैल, अवजारं, बियाणं पैशांच्या दरखास्तीत, म्हणजे कोर्टामार्फतच्या वसुलीत, जप्त होत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्येच तसं लिहिलंय.

औशाच्या कोर्टाने आपण दुकानदाराला 21,600 रुपये आणि वर दाव्याचा खर्च, त्यात त्याच्या वकिलाची फी, द्यावा असा हुकूमनामा, म्हणजे निकालावरचा अंतिम आदेश, केला. खत-बियाणं उधारीवर नेलं हे तुम्ही स्वतःच कोर्टात सांगितलंत. पण सोयाबीन मोंढ्यावर घातलं त्याच दिवशी दुकानदाराला 8,000 दिलेत, त्याच्या सहीचं पान दाव्यात पुरावा म्हणून निशाणी (क्रमांक) पडून लागलेलं आहे. धाकट्याने पाठवलेले निकालाचे फोटो मी दोनदा वाचले. त्या पानाबद्दल एक शब्द नाही!

म्हणून अपील करायचं, लातूरला जिल्हा न्यायालयात, 30 दिवसांच्या आत. नकला मिळायला लागणारे दिवस त्यातून वजा होतात, तरी सोमवारीच अर्ज देऊ, निकाल आणि हुकूमनामा दोन्हींसाठी. खर्चाचा हिशेब हुकूमनाम्यातच असतो, वकील फी तिथे दिसेल. रक्कम कमी झाली तर खर्चही त्या प्रमाणात कमी करा, असं मागता येतं.

एक मात्र आहे, नुसतं अपील केल्याने वसुली थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो आणि कोर्ट आधी पैसे भरायला सांगू शकतं. 13,600 आपण खरंच देणं लागतो, ते मी भरते. जास्त भरायला सांगितलं तर तेही बघू. आणि 25,000 पर्यंतच्या पैशांच्या दाव्यात पुढे उच्च न्यायालयात दुसरं अपील नसतं, म्हणून वकील नीट बघून लावायचा. फीची अडचण आलीच तर लातूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे विचारू.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं बाबा नेहमी म्हणतात. पण दावा आपण लावला नव्हता. गावात मान खाली घालून फिरावं असं तुम्ही काहीही केलेलं नाही, बाबा.

आई, बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. त्यांना सांग, रविवारी सकाळी मी पोचते, तेव्हा जोडी गोठ्यात दिसली पाहिजे.

तुमची लेक