‘किरकोळ चुका’ किरकोळ नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोटोग्राफीच्या इतिहासावरील माहितीपटाचे परीक्षण कालच्या अंकात वाचले. ‘तपशिलाच्या काही किरकोळ चुका सोडल्या तर’ हे वाक्य वाचून पेपर बाजूला ठेवला. रात्रभर ते डोक्यातून गेले नाही, म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षे डार्करूममध्ये काम केले आहे. माहितीपटात छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या डागेरचे १८३८ सालचे पॅरिसच्या रस्त्याचे चित्र येते आणि पाठोपाठ ‘खटक्’ असा शटरचा आवाज. त्या कॅमेऱ्याला शटर नव्हतेच. भिंगावरचे झाकण हाताने बाजूला करायचे, काही मिनिटे थांबायचे आणि पुन्हा लावायचे. रस्त्यावरची धावती माणसे, घोडागाड्या त्यात उमटल्या नाहीत. बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस जागेवर उभा होता म्हणून दिसतो. त्या चित्राचा सगळा जीव या थांबण्यात आहे, आणि एका खोट्या आवाजाने तोच घालवला.

शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ केला, एवढेच निवेदक सांगतो. पण चांदीचे क्षार हायपोत, म्हणजे आज आम्ही चित्र पक्के करायला वापरतो त्या रसायनात, विरघळतात हे त्यांनी १८१९ मध्येच दाखवून दिले होते. डागेर आणि इंग्लंडमधले छायाचित्रणाचे जनक टॅल्बट, दोघांनीही पुढे चित्र पक्के करायला तेच वापरले. ज्याने हायपोच्या ट्रेमध्ये दिवसच्या दिवस प्रिंट हलवल्या आहेत, त्याला हा उल्लेख गाळलेला लागणारच. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांचे नावसुद्धा नाही. १८४३ पासून त्या सायनोटाइपची, म्हणजे निळ्या रंगात उमटणाऱ्या छायाचित्रांची, पुस्तके काढत होत्या.

पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. काही वर्षांपूर्वी अशाच एका माहितीपटाची मंडळी आमच्या डार्करूममध्ये शूटिंगला आली होती. दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, “काका, लाल दिव्यात रोल धुताना दाखवा ना.” मी समजावले, की लाल दिवा चालतो तो प्रिंटच्या कागदाला. फिल्मचा रोल लाल उजेडही पकडतो. तो पूर्ण काळोखात, नुसत्या बोटांच्या अंदाजाने स्पूलच्या चक्रीवर चढवायचा, रोल धुण्याच्या टाकीचे झाकण घट्ट लावायचे आणि मगच दिवा लावायचा. तो म्हणाला, “काळोखात कॅमेऱ्याला काय दिसणार, काका?” शेवटी त्याच्या आग्रहाखातर मी एक आधीच धुतलेली निगेटिव्ह लाल दिव्यात ट्रेमधून वर-खाली केली. निवेदनात खरी पद्धत सांगतो, असा शब्द त्याने दिला. प्रसारणात निवेदन होते : ‘लाल प्रकाशात हळूहळू जन्म घेणारा रोल.’ आणि पडद्यावर माझे हात.

नंतर एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला. आजोबांच्या कॅमेऱ्यात राहून गेलेला रोल त्याने घरी, बाथरूममध्ये लाल बल्ब लावून धुतला होता. टीव्हीवर पाहून. त्याने ती पट्टी माझ्यासमोर उलगडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी ठिक्कर, एकाही फ्रेमची कड दिसत नव्हती. “काका, काही काढता येईल का?” एवढेच त्याने विचारले. काही काढता येणार नव्हते. त्या रोलवर काय होते, ते आता कुणालाच कळणार नाही. ते हात माझे होते हे त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि ती बोच अजून गेलेली नाही. आपल्या परीक्षकांना ही चूक किरकोळ वाटते का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

लोक या कार्यक्रमांकडे शिकायला म्हणून बघतात. ज्याने टाकी हातात धरली आहे अशा एका माणसाला तरी प्रसारणाआधी ते दाखवावे. एवढे अवघड नाही हे.

जाता जाता आपल्या पानाबद्दल. परीक्षणासोबत फ्रेंच संशोधक निएप्स यांचे खिडकीतून दिसणारे दृश्य ‘जगातील पहिले छायाचित्र’ म्हणून छापले आहे, खाली श्रेय ‘संग्रहित’. सुमारे १८२६-२७ ची मूळ वस्तू म्हणजे डांबराचा लेप दिलेला कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा. टेक्सासमधील ऑस्टिन येथे तो ठेवला आहे. त्यावरचे चित्र इतके फिकट आहे, की पत्रा उजेडात तिरका केल्याशिवाय दिसत नाही. आपण छापलेले दाणेदार, ठळक चित्र त्याचे नाही. १९५२ मध्ये त्या पत्र्याची कोडॅकच्या प्रयोगशाळेत कॉपी घेतली गेली, तिच्यावर छायाचित्रणाचे इतिहासकार हेल्मुट गर्नशाइम यांनी जलरंगाने हात फिरवला, ते हे चित्र. माहितीपटानेही तेच मूळ म्हणून दाखवले आणि परीक्षकांनी ते तसेच उचलले.

कृपया दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, त्याच पानावर, गर्नशाइम यांच्या नावासह.

आपला,
एक नियमित वाचक